मे महिन्यातली शाल

मे महिन्यात पेणमध्ये अंगावर शाल घेऊन बसलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते माणूस माझी आई होती.

फोटो वृद्धाश्रमाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. वृद्धाश्रम म्हटलेलं तिथल्या मॅडमना आवडत नाही, ‘ज्येष्ठ निवास’ म्हणायचं. कुणाचा तरी वाढदिवस होता. केक, डोक्यावर कागदी टोप्या, मागे फुगे, आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर आई. केस चापूनचोपून विंचरलेले, कपाळाला गंध, आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत मरून रंगाची शाल. सत्कारात मिळालेल्या शाली कपाटात मावेनाशा झाल्या की लोक त्या अशा ठिकाणी नेऊन देतात, त्यातलीच ती. फोटोखाली झाडून सगळ्यांच्या घरच्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मीही टाकलं. मग धाटावच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बाकीचे टाळ्या वाजवत होते. आईचे हात शालीखाली होते.

मी जुने फोटो काढले. भजनाचा, डॉक्टर तपासायला आले त्या दिवसाचा, आमरसाचा. आमरसाच्या फोटोत प्रत्येकाच्या हातात वाटी होती आणि आईला कुणीतरी चमच्याने भरवत होतं. शाल होतीच. माझी आई घरी होती तोपर्यंत स्वतःच्या हाताने जेवणारी, दुसऱ्याने वाढलेलंसुद्धा तिला पटायचं नाही. बसमध्ये उकाड्याने मला अंगावरची ओढणीसुद्धा नकोशी झाली होती.

मी धाटावला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. माल चांगला आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. नमुना घ्यायचा तर न सांगता, आणि वरवरचा घ्यायचा नाही, पिंपाच्या तळातला घ्यायचा. हा स्वभाव मी कंपनीतून घरी घेऊन येते, अशी माझ्या माहेरच्यांची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

माझं माहेर जोह्याचं, पेणजवळच्या गणपतीच्या कारखान्यांच्या गावचं. आईने जन्मभर गणपती घासले. साच्यातून काढलेल्या कच्च्या मूर्तीवर दोन भाग जुळतात तिथे एक रेघ उठलेली असते, कपाळापासून सोंडेवरून पोटापर्यंत. ती पॉलिशपेपरने घासून घालवायची हे बायकांचं काम. आई एक पाय दुमडून बसायची, मूर्ती मांडीत घ्यायची, पेपर चालवायची, मग अंगठा फिरवून बघायची. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता, अंगठ्यावर होता. रेघ हाताला लागेनाशी झाली की एक फुंकर मारून भुकटी उडवायची आणि ओरडायची, ‘‘झाला! न्या रंगाला!’’ एखादी मूर्ती आतून ओली राहिलेली आली की मात्र तिचा पारा चढायचा. ओल्यावर पेपर चालवला तर पापुद्रा निघतो. ती मूर्ती ती बाजूला ठेवायची आणि आणणाऱ्याला म्हणायची, ‘‘ओली हाय ही. सुकू दे, मंग आण. इतकी कसली घाई रे तुला?’’

मग आईचं डोकं विसरायला लागलं. आधी माझं नाव गेलं. नंतर वडील वारल्याचं गेलं, ती रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवायची. हात मात्र काहीच विसरले नाहीत. बसल्या जागी जे सापडेल ते ती घासत राहायची, जात्याची कड, पाटाचा कोपरा, नातवाची पाठ. त्याला ते आवडायचं, तो मुद्दाम पाठ देऊन बसायचा.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर ती दादाच्या कारखान्यातल्या रंगाच्या खोलीत शिरली. रंगवून, डोळे आखून, पॅकिंगला काढलेल्या मूर्ती तिथे मांडल्या होत्या. दादा जेवून परत आला तेव्हा आई मधोमध बसलेली आणि सभोवार तोंड पुसलेले गणपती. डोळे नाहीत, गंध नाही, नुसती पांढरी तोंडं. आई अगदी खुशीत होती. रेघ राहिली होती म्हणे. दादा बाहेर जाऊन टेम्पोच्या पायरीवर डोकं धरून बसला. त्याचं घर आणि कारखाना एकाच अंगणात, मधे एक पडवी. मी रोह्यात एकटी राहणारी, आठवड्याला शिफ्ट बदलणारी. पेणच्या बाहेर खोपोली रस्त्याला हे ज्येष्ठ निवास निघालं होतं. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. स्वच्छ होतं, हवा होती, फरशीवर पाय घसरत नव्हते.

ठेवताना आम्ही मॅडमना नीट सांगितलं होतं. दादा म्हणाला, ‘‘तिच्या हाताला काम लागतंय बघा. काय नाय तर घासत बसते.’’ मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, काळजीच सोडा. आपल्याकडे अॅक्टिव्हिटी असतात.’’

भेटायला रविवारी जायचं, तेही आधी फोन करून. त्या फोटोनंतरच्या रविवारी मी गेले. आई अंगणात, चाफ्याखालच्या बाकावर. शाल नव्हती. मी तिचे हात हातात घेतले. दोन्ही मनगटांना लाल पट्टा होता, बांगडीसारखा गोल, सगळीकडून सारखा. मॅडम मागेच उभ्या होत्या.

‘‘स्वतःच घासून घेतात हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हीच म्हणाला होतात ना घासतात म्हणून. आम्ही रोज क्रीम लावतो.’’

क्रीम लावलेलं होतं, वास येत होता. आई घासते हे खरंच होतं. पण आईचं घासणं मी लहानपणापासून पाहिलंय, ती एक जागा धरते आणि तीच गुळगुळीत करते. असा गोल पट्टा तिने आयुष्यात कशाला काढला नव्हता. मी म्हटलं, ‘‘थँक्यू मॅडम, तुम्ही खूप करता.’’ हे वाक्य तिथे प्रत्येकजण म्हणतो. आपलं माणूस त्यांच्या ताब्यात असतं. आपण गेटाबाहेर पडल्यावर त्याच्या ताटात काय पडेल आणि त्याला कोण कसं उठवेल, ते या एका वाक्यावर ठरणार असं वाटतं. इतक्या लाचारीने मी कंपनीच्या मालकाशीही बोललेले नाही.

गेटापाशी एक गृहस्थ भेटले. रोह्याचेच, आखातात नोकरीला, रजेवर आलेले. त्यांचे वडील खालच्या मजल्यावर होते. ते येताना सगळ्या आज्या-आजोबांना खजूर आणायचे, त्यामुळे माझी तोंडओळख होती. आज ते माझ्याबरोबर रिक्षापर्यंत चालत आले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘‘ताई, एकदा रविवार सोडून या.’’

‘‘का? काय पाहिलंत तुम्ही?’’

‘‘माझी रजा संपत आलीय, ताई. अब्बा इथंच राहणार. मी काय बोलू?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिक्षा सुरू झाली तरी ते तिथेच उभे होते.

मी तशीच जोह्याला गेले. दादा साचे धूत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि धुतलेलाच साचा पुन्हा धूत होता.

‘‘तू डोक्यात राख घालून घेऊ नको गो,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘म्हातारं माणूस हाय, चामडी नाजूक असते. लाल झालं असंल.’’

‘‘गोल? दोन्ही हातांना?’’

‘‘आणि समज, हाय काय तरी. मंग? तू भांडशील, ते बोलतील न्या तुमची आई. कुठं नेशील? तुझ्या कुलुपाच्या घरात? का हितं, गणपतीच्या टायमाला?’’

मी त्याला नाही नाही ते बोलले. पैशासाठी आई विकलीस, इथपर्यंत बोलले. वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातूनच परत गेली. दादाने साचा उन्हात पालथा घातला आणि म्हणाला, ‘‘जा तू आता. बस जाईल तुझी.’’

बुधवारी पहिली शिफ्ट संपवून मी रोह्याहून पेणची एसटी पकडली. नागोठण्याला गाडी बराच वेळ उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी गप्पा मारत होता आणि मी खिडकीतून त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. खरं सांगायचं तर गाडी बंद पडली असती तर मला बरं वाटलं असतं. न बघता घरी जायला एक कारण मिळालं असतं.

वॉचमन म्हणाला, ‘‘आज भेटायचा दिस नाय.’’ मी म्हटलं, ‘‘मला माहीत आहे,’’ आणि आत गेले. तो दोन पावलं मागे आला, मग थांबला. त्याला वाटलं असेल, इतक्या ठामपणे जाते आहे म्हणजे कुणीतरी साहेबीण असणार.

वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात टीव्ही लावलेला होता आणि त्याच्यासमोर खुर्च्या. दुपारची जेवणं कधीच आटोपली होती, तरी आमटीचा आणि फिनेलचा वास येत होता. आई कडेच्या खुर्चीत होती. अंगावर तीच मरून शाल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं हसली. मी शाल उचलली.

तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांना बांधलेले होते. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, मऊ, धुतलेल्या. गाठ खालून मारलेली, तिच्या बोटांना पोचणार नाही अशी. अंगठे मोकळे होते आणि ते चालू होते. खुर्चीच्या लाकडावर, पुढे मागे, पुढे मागे. दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढ्या जागेवरचं पॉलिश उडून आतलं लाकूड लागलं होतं, आणि ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यावर खिडकीचा उजेड चमकत होता.

मी खाली वाकून गाठ ओढायला लागले. सुटता सुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘थांबा, मी सोडते, वडू नका, तिला लागंल.’’ तिथली कामाची मावशी होती. तिने सराईतपणे गाठ सोडली. त्या सराईतपणाने माझं डोकं फिरलं.

‘‘लाज नाही वाटत?’’ मी ओरडले. ‘‘जनावर आहे का ती?’’

मावशीने दुसऱ्या हाताचीही गाठ सोडली. ‘‘वाटते ना,’’ ती म्हणाली. ‘‘या अख्ख्या मजल्यावर मी एकलीच हाय, ताई. दुसरी होती ती सोडून गेली, तिच्या जागी कोन आनलंच नाय. तुमची आई भिंतीचा रंग खरवडते, शेजारची झोपली की तिचं तोंड घासते. त्या दिशी तिच्या गालाची साल निघाली. मी एकीला न्हाणीत धरलेली असते, तवा हिला कोन बघनार?’’

आईचे हात आता मोकळे होते. ते तिच्या मांडीवर पडले आणि तसेच राहिले. अंगठेसुद्धा थांबले होते. मला वाटलं होतं सोडल्याबरोबर ती माझा हात धरेल. ती आपल्या हातांकडे बघत होती, कुणीतरी आणून ठेवलेत तसं. मी एवढी घाबरले नव्हते तोपर्यंत.

मग मी त्या रांगेकडे पाहिलं. आणखी दोन खुर्च्यांवर शाली होत्या. एकीत एक आजी होत्या, मान छातीवर पडलेली. दुसरीत पांढऱ्या दाढीचे एक चाचा, डोक्यावर जाळीची टोपी, शेजारच्या स्टुलावर खजुराचा डबा.

‘‘त्यांना खाली एकटं सोडता येत नाय,’’ मावशी हळूच म्हणाली. ‘‘म्हनून दुपारचं वर आनून बसवतो. त्यांच्या पोराला ठावं हाय.’’

मॅडम आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. मला बाजूला घेतलं, पाणी मागवलं.

‘‘हे सुरक्षेसाठी असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांच्याच आणि इतरांच्याही. ज्या आजींच्या गालाला लागलं त्यांच्या घरच्यांना मी अजून कळवलेलं नाही. कळवू का?’’

‘‘कळवा. आणि त्या मजल्यावर एकच बाई असते हेही कळवा.’’

‘‘हे बघा, तुम्ही भावनेच्या भरात आहात. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही त्यांना घेऊन जाऊ शकता. आमची काही जबरदस्ती नाही.’’

आलं ते वाक्य. दादाने सांगितलेलं, मी बसमध्ये बसून ज्याला भ्याले होते ते. हो म्हटलं तर आई संध्याकाळी कुठे झोपणार हे मला माहीत नव्हतं. नाही म्हटलं तर मी गेटाबाहेर पडायच्या आत त्या पट्ट्या पुन्हा बांधल्या जाणार होत्या, आणि त्या वेळी त्या माझ्या संमतीने बांधल्या जाणार होत्या. मी फोन काढला आणि दादाला म्हटलं, ‘‘तू ये. मी काही ठरवत नाही. तू स्वतः बघ.’’

तो टेम्पो घेऊन आला. हाताला, भुवयांना पांढरी भुकटी तशीच. वर आला, मॅडमना नमस्कार केला, चप्पल दाराशी काढली. मला वाटलं हा आता माझीच समजूत घालणार. त्याने आईला ‘‘आये, जेवलीस?’’ विचारलं आणि खुर्चीच्या हाताला लोंबणारी पट्टी उचलली. ती दोन बोटांत धरून बघितली, ताणून पाहिली. मग आईचं मनगट बघितलं, मग पुन्हा पट्टी.

‘‘मधे काय घालत होते?’’ त्याने मावशीला विचारलं.

‘‘मधे?’’

‘‘हात आणि पट्टीच्या मधे.’’

मावशीने मॅडमकडे पाहिलं.

‘‘आम्ही मूर्ती टेम्पोत बांधतो,’’ दादा मॅडमकडे वळून म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. ‘‘रस्ता खराब असतो, बांधाय लागते. पन दोरीखाली पेंढा घालतो, कागद घालतो. वळ नाय उठला पायजे. माती असते हो ती, मॅडम. मातीला पन आम्ही मधे काय तरी घालतो.’’

माझा भाऊ वडील गेले तेव्हा पाहुण्यांना चहा देत फिरला होता. तो आता त्या व्हरांड्यात, टीव्हीसमोर, सगळ्या म्हाताऱ्यांच्या देखत हुंदके देऊन रडला. मग डोळे पुसले, तोंडावर भुकटीचा चिखल झाला, आणि तो मला म्हणाला, ‘‘तिचे कपडे घे.’’

‘‘कारखान्याचं काय?’’

‘‘रंगाच्या खोलीला कुलूप घालीन. कच्च्या मूर्तीत बसंल ती. काय तोडफोड करंल ती करंल.’’

‘‘आणि माझी सुट्टी असेल तेव्हा मी येईन,’’ मी म्हटलं. ते किती जमणार आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या वेळी कुणी हिशोब मांडत बसलं नाही. मी त्या चाचांपाशी गेले. शाल वर केली, मॅडमच्या देखत त्यांच्या गाठी सोडल्या आणि एक खजूर त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या आजींच्याही सोडल्या. मला माहीत होतं की आम्ही गेल्यावर त्या पुन्हा बांधल्या जातील. मॅडम बघत राहिल्या, मावशी खाली बघत राहिली.

टेम्पोच्या केबिनमध्ये आईला मधे बसवलं. पेणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं : ‘मे महिन्यात शाली कशाला, ते रविवार सोडून येऊन बघा.’ या वेळी हात जोडल्याची चित्रं आली नाहीत. हमरापूरच्या अलीकडे मला ग्रुपमधून काढून टाकलं. रोह्याच्या त्या गृहस्थांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांना मी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. त्यांच्यावर रागवावं असं फार वाटत होतं. रजा संपत आलेल्या माणसावर नीट रागावताही येत नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त संताप येत होता.

तोवर मी रडले नव्हते. भांडताना मला रडू येत नाही, भांडण संपलं की येतं. हमरापूरला गाडी जोह्याकडे आत वळली, रस्त्याच्या कडेला शेडमध्ये पांढऱ्या कच्च्या मूर्तींच्या रांगा दिसायला लागल्या आणि माझा बांध फुटला. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. दादा गाडी हळू चालवत होता, आईला धक्के बसू नयेत म्हणून.

तेवढ्यात माझ्या हनुवटीला आईची बोटं लागली. तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं. इतका वेळ मेल्यासारखे पडलेले ते हात उठले होते. एका हाताने तिने माझी मान मागून धरली, मूर्ती धरतात तशीच, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कपाळाच्या मधोमध टेकवला. तिथून तो नाकावरून हळूहळू खाली आणला. मग गालावर. गालावर येऊन अंगठा थांबला. तिने तो स्वतःच्या डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि तिच्या कपाळाला ती जुनी आठी पडली.

‘‘ओली हाय ही,’’ ती दादाला म्हणाली. ‘‘सुकू दे, मंग घासते.’’

आणि हात मांडीवर ठेवून ती माझ्या सुकण्याची वाट बघत बसली.